फादर गोऱ्हे आणि मरणानंतरचा प्रश्न

माझे आजोळ बडोद्याचे. आईकडचे लोक गायकवाडी नोकरीच्या निमित्ताने तिकडे जाऊन स्थायिक झालेले आणि अजून घरात मराठी बोलणारे. वडिलांकडचे घर मात्र कानडी. त्यामुळे आपल्या नियतकालिकाचे दोन्ही विभाग मी कोणाच्या मदतीशिवाय वाचू शकते, एवढीच काय ती माझी साहित्यातील पात्रता. शाळा मराठी माध्यमाची झाली, आणि आता जमाखर्च व व्यापारी कायदा शिकते आहे. अशा विद्यार्थिनीने ख्रिस्ती धर्मशास्त्राच्या वाटेला का जावे, असे प्राध्यापक मंडळींना वाटेल. त्याचे कारण आधी सांगून टाकते.

गेल्या वर्षी माझी आजी बडोद्याला वारली. दांडिया बाजारातल्या घरी शेजारीच एक गुजराती ख्रिस्ती बाई राहतात. त्या निवृत्त परिचारिका. आम्ही सारे त्यांना मासी म्हणतो. आजीचे शेवटचे चार महिने अंथरुणात गेले आणि त्या चार महिन्यांत तिची कूस बदलण्यापासून सारे काही मासींनी केले. आजी गेल्यावर संध्याकाळी घरी गरुडपुराण वाचले जाई. वैतरणी नदी, यमदूत, कोणत्या पापाला कोणता नरक, हे गुरुजी वाचत आणि मासी उंबऱ्यापाशी बसून ऐकत. एका संध्याकाळी मी त्यांना विचारले, की तुमच्या धर्माप्रमाणे आमच्या आजीचे आता काय होणार? मासी बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, की त्या रोज रात्री आजीसाठी प्रार्थना करतात, पण तशी प्रार्थना करण्याची त्यांना परवानगी आहे की नाही हे त्यांना माहीत नाही. त्यांच्या मंडळीत मृतांसाठी प्रार्थना करण्याची रीत नाही.

ही गोष्ट मी मामांना सांगितली. मामांना इतिहासाचा नाद आहे. त्यांनी मला फत्तेगंजकडे नेले आणि जुन्या छावणीच्या भागातले चर्च दाखवले. कलकत्त्याचे बिशप रेजिनाल्ड हेबर १८२५ च्या मार्चमध्ये बडोद्याला आले होते आणि छावणीतल्या चर्चचा प्रतिष्ठाविधी त्यांनी केला होता. हे हेबर कवी होते. मूर्तिपूजकांच्या देशांत तारणाची वार्ता न्या, असे आवाहन करणारे त्यांचे १८१९ सालचे गीत पुढे शंभर वर्षे साऱ्या मिशनरी जगात गायिले गेले. ती वार्ता ज्यांच्यापर्यंत पोहोचलीच नाही ते मेल्यावर कोठे जातात, याविषयी त्या काळच्या बहुतेक मिशनऱ्यांच्या मनात संदेह नव्हता. मामा पुढे म्हणाले, की हेबर येथे आले त्याच्या महिनाभर आधी, ८ फेब्रुवारी १८२५ ला, झाशीजवळच्या काशीपुरा गावात एका कोकणस्थ घरी एक मुलगा जन्मला. हा प्रश्न त्याच्याइतका कोणा मराठी माणसाने सोसला नसेल. त्याचे चरित्र वाच.

ते नीलकंठ गोऱ्हे. बाप्तिस्म्यानंतर नेहेम्या गोऱ्हे, आणि दीक्षा घेतल्यावर फादर गोऱ्हे. मराठी वाचकांना ते पंडिता रमाबाईंच्या चरित्रातून ओझरते माहीत असतात. बेळगावच्या मिशन शाळेत शिकलेले बाबा पदमनजी, नारायण वामन टिळक, रमाबाई ही नावे आपण घेतो, पण या सर्वांच्या आधी, १८४८ साली, ख्रिस्ती झालेल्या या शास्त्र्याचे नाव मागे पडते. याचे एक कारण असे असावे, की त्यांचे बहुतेक आयुष्य मराठी मुलखाबाहेर गेले आणि लेखन संस्कृत, हिंदी व इंग्रजीत झाले.

गोऱ्ह्यांचे घराणे सुस्थितीतले. आजोबा बांद्याच्या नबाबाच्या पदरी दिवाण होते. वडील शिवरामपंत काशीला येऊन राहिले ते देवधर्मासाठी. काशीत देह ठेवला की शंकर स्वतः कानात तारकमंत्र सांगतो आणि जीव सुटतो, ही श्रद्धा आपल्या सर्वांना ठाऊक आहे. वर्णपापांचा हिशेब तेथे शेवटी एका झटक्यात मिटतो. म्हणजे मरणानंतरच्या सुटकेसाठी देशभरातून माणसे ज्या गावी येतात, त्याच गावात हा मुलगा वाढला. व्याकरण आणि न्याय शिकला आणि विशीच्या आतच शास्त्री म्हणून ओळखला जाऊ लागला.

काशीत त्या वेळी विल्यम स्मिथ नावाचे चर्च मिशनचे पाद्री रस्त्यावर उपदेश करीत. त्यांना वादात गप्प करावे म्हणून नीलकंठशास्त्री त्यांच्याकडे गेले. स्मिथ यांनी वाद वाढवला नाही, वाचायला पुस्तके दिली. त्यांत जॉन म्यूर या कंपनीच्या अधिकाऱ्याने संस्कृत श्लोकांत लिहिलेली ‘मतपरीक्षा’ होती. ख्रिस्ती धर्मच खरा, असे तीत तर्काने दाखवण्याचा प्रयत्न होता. त्यावर शास्त्रीबुवांनी १८४४-४५ मध्ये संस्कृतातच ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ हा ग्रंथ रचला. वय अवघे एकोणीस-वीस, म्हणजे आज माझे आहे तेवढेच. मला परीक्षेत ताळेबंद जुळवताना घाम फुटतो, तेव्हा या वयाने मी दबून गेले हे कबूल करते.

या ग्रंथातील आक्षेपांचा रोख सांगते. जीव जर ईश्वराने नव्यानेच निर्माण केला असेल, आधीचा जन्म नसेल, तर एक मूल जन्मतः आंधळे आणि दुसरे राजवाड्यात, याची जबाबदारी कोणावर? मुक्या जनावरांनी कोणते पाप केले म्हणून ती दुःख भोगतात? ख्रिस्ताच्या आधी जी असंख्य माणसे मेली, ज्यांच्या कानावर त्याचे नावही गेले नाही, त्यांना त्या अज्ञानाबद्दल शिक्षा कशी? आणि साठ-सत्तर वर्षांच्या एकाच आयुष्यात केलेल्या पापांना कधीही न संपणारा नरक, हा कोणता न्याय? आपल्याकडचे नरक कितीही भयंकर असले तरी त्यांना मुदत असते. भोग संपला की जीव पुन्हा फेऱ्यात येतो आणि त्याला पुन्हा संधी मिळते.

येथे वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी म्हणून एक उदाहरण दिल्याशिवाय मला राहवत नाही. ते गोऱ्ह्यांचे नव्हे, माझे आहे. व्यापारी कायद्यात आपण दामदुपटीचा नियम शिकतो. हा जुना हिंदू कायदा मुंबई इलाख्यात इंग्रजांच्या न्यायालयांनीही मानला. सावकाराला एका वेळी मुद्दलाहून अधिक व्याज मागता येत नाही. कर्ज कितीही वर्षे थकले तरी मागणी दुपटीवर थांबते. शाश्वत नरक म्हणजे मर्यादित मुद्दलावर अमर्याद व्याज. हिंदू मनाला हा हिशेब अन्यायाचा वाटतो तो येथे. यावर ख्रिस्ती पंडितांचे जुने उत्तर असे, की अपराधाचे माप अपराध कोणाविरुद्ध केला यावरून ठरते. अनंत ईश्वराविरुद्धचे पाप अनंतच, आणि ते फेडणे माणसाच्या ऐपतीबाहेरचे. अकराव्या शतकाच्या अखेरीस कँटरबरीचे आर्चबिशप अन्सेल्म यांनी हा विचार पद्धतशीर मांडला. म्हणून जामीन म्हणून ख्रिस्त उभा राहिला आणि देणे त्याने चुकते केले. ज्याने हा जामीन स्वीकारला त्याचे तारण झाले. ज्याने नाकारला त्याचे काय, हे या हिशेबात स्पष्टच आहे. ज्याला जामीन उभा आहे हे कोणी कळवलेच नाही, त्याचे काय, ही खरी अडचण.

आणि एक गोष्ट कानडी विभागाच्या वाचकांसाठी. हिंदू परंपरेत शाश्वत नरक मुळीच नाही असे आपण सर्रास म्हणतो, ते तितकेसे खरे नाही. उडुपीच्या मध्वाचार्यांनी जीवांचे तीन वर्ग मानले आहेत: मुक्तीला योग्य, सदैव संसारात फिरणारे, आणि अंधतमसाला जाणारे. तिसऱ्या वर्गाला त्या काळोखातून परत येणे नाही. माझ्या वडिलांचे घर माध्वांचे; पण हे मला घरात कोणी सांगितले नव्हते, गोऱ्ह्यांच्या निमित्ताने वाचताना कळले.

एवढा ग्रंथ लिहिणाऱ्या माणसाने तीन वर्षांत पक्ष बदलला. बायबल खंडनासाठी वाचता वाचता त्यांचे मन वळले. पैशाची अडचण नव्हती, मिशनच्या शाळेत ते शिकले नव्हते. कोणी आमिष दाखवले असे म्हणायला जागा नाही. घरच्यांचा विरोध एवढा, की काशीत विधी करणे अशक्य झाले, आणि १४ मार्च १८४८ रोजी जौनपूरला त्यांचा बाप्तिस्मा झाला. ज्या गावच्या मरणाने मुक्ती मिळते ते गाव सोडून, दुसऱ्या गावी, दुसऱ्या मुक्तीसाठी.

पत्नी लक्ष्मीबाई पुढे त्यांच्याकडे आल्या आणि ख्रिस्ती झाल्या. १८५३ च्या सप्टेंबरात मुलगी झाली आणि थोड्याच काळात लक्ष्मीबाई वारल्या. मुलीचे नाव एलन लक्ष्मी. आईवेगळ्या मुलीला आधी एका निळीच्या मळेवाल्याच्या कुटुंबाने सांभाळले. १८५७ च्या धामधुमीत त्यांचे सारे गेले, तेव्हा स्टॉर्स या पाद्र्याच्या घरी ती वाढली आणि त्यांच्याबरोबर इंग्लंडला गेली. वडील म्हणून गोऱ्ह्यांचा हिशेब मांडायचा तर माझ्या मते तो तुटीचाच निघेल. त्यांचे चरित्र लिहिणारे हा भाग लवकर आटोपतात.

१८५४ मध्ये पदच्युत शीख महाराजा दुलीपसिंग यांचे शिक्षक म्हणून गोऱ्हे इंग्लंडला गेले. ऑक्सफर्डला मॅक्स म्युलर यांची भेट झाली. म्युलर यांनी पुढे लिहून ठेवले आहे की हा शास्त्री फार उदास दिसत होता. शुभवर्तमानाप्रमाणे जगणारा देश पाहायला मिळेल या अपेक्षेने तो आला आणि त्याने लंडन पाहिले. त्यात गंमत अशी, की ज्या प्रश्नावर त्यांनी ‘शास्त्रतत्त्वविनिर्णया’त आक्षेप घेतला होता, तोच प्रश्न तेव्हा इंग्लंडात पेटलेला होता. १८५३ मध्ये फ्रेडरिक मॉरिस या प्राध्यापकांनी शाश्वत शिक्षेच्या रूढ अर्थाविषयी शंका मांडली आणि लंडनच्या किंग्ज कॉलेजातली त्यांची जागा गेली. १८६४ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने एका पाद्र्याच्या खटल्यात, दुष्टांनाही शेवटी क्षमा मिळेल अशी आशा बाळगणे हा चर्चच्या कायद्याने गुन्हा ठरत नाही, असा निकाल दिला, तर सुमारे अकरा हजार पाद्र्यांनी त्याविरुद्ध जाहीरनाम्यावर सह्या केल्या. चर्चच्या गोटात हा वाद तसा फार जुना. तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाचा ओरिजेन शेवटी सर्वांचा उद्धार होईल असे मानत असे, आणि ५५३ साली ते मत धिक्कारले गेले.

परतल्यावर गोऱ्ह्यांनी हिंदीत ‘षड्दर्शनदर्पण’ लिहिले. १८६२ मध्ये फिट्झएडवर्ड हॉल यांनी त्याचे इंग्रजी भाषांतर केले आणि त्यांचे नाव विद्वानांत झाले. पण माझ्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची पुस्तिका १८६८ ची आहे. कलकत्त्यात ब्राह्म समाजाची मंडळी म्हणत, की ईश्वर बाप आहे, बाप शिक्षा करतो ती सुधारण्यासाठी, आणि सुधारणा ज्यातून कधीच व्हायची नाही अशी शिक्षा बाप देईल कशी? त्यांना उत्तर म्हणून गोऱ्ह्यांनी शाश्वत शिक्षेच्या सिद्धांताचे समर्थन लिहिले. अंतःकरणाला जे न्याय्य वाटते त्यावरून ईश्वराचा न्याय ठरवता येत नाही, येथे मानवी बुद्धी पुरी पडत नाही, ईश्वराने प्रकट केले ते मानावे लागते, अशी त्यांची भूमिका.

वाचकहो, जरा थांबून पाहा. वीस वर्षांचा नीलकंठ विचारतो, आणि त्रेचाळीस वर्षांचे नेहेम्या उत्तर देतात. वादी-प्रतिवादी एकच माणूस. मला स्वतःला वीस वर्षांच्या मुलाचे प्रश्न अधिक बलवान वाटतात, आणि त्रेचाळिसाव्या वर्षीचे उत्तर मला पटत नाही. तरी एक गोष्ट त्यांच्या बाजूने सांगायला हवी. हा सिद्धांत मानून त्यांना काहीही मिळत नव्हते. जे घर ते मागे सोडून आले, ज्या गुरूंनी व्याकरण शिकवले, ज्या आजोबांनी वैभव उभे केले, ती सारी माणसे या सिद्धांताच्या कक्षेत येत होती. गोड वाटते म्हणून एखादे मत धरायचे तर त्यांनी ब्राह्मांचे मत धरले असते. त्यांना ते खरे वाटले नाही, म्हणून त्यांनी कडू मत धरले. शंकांनी मात्र त्यांना आयुष्यभर सोडले नाही, असे चरित्रावरून दिसते. ते वारंवार खोल निराशेत जात आणि पुन्हा वर येत.

१८७० मध्ये ते पूर्ण पाद्री झाले. काउलीच्या संन्यस्त मंडळात ते उमेदवार म्हणून राहिले, त्यासाठी पुन्हा इंग्लंडला जाऊन आले. पण अखेरची व्रते त्यांनी घेतली नाहीत. राहणी जवळजवळ बैराग्याची. पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये त्यांचा बराच काळ गेला. हे तेच पंचहौद, जेथे १८९० साली रानडे-टिळकांच्या पुढे चहा आला आणि पुण्यात प्रायश्चित्ताचे वादळ उठले. तेथेच पंडिता रमाबाईंशी त्यांचा परिचय झाला. रमाबाई कर्नाटकातल्या गंगामूळच्या जन्माच्या, कानडी मुलखाशी नाते असलेल्या. १८७४ च्या दुष्काळी दिवसांत त्यांचे आईवडील अन्नान्न करून गेले होते. रमाबाई इंग्लंडला गेल्यावर गोऱ्ह्यांनी पाठवलेल्या लिखाणाने त्यांच्या अनेक शंकांचे निरसन झाले आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण रमाबाई म्हणजे गोऱ्हे नव्हेत. चर्चने सांगितले म्हणून मानायचे, हे त्यांना जमणारे नव्हते. त्रैक्यासारख्या सिद्धांतावरही त्यांनी सिस्टर जेराल्डीन यांच्याशी पत्रांतून कडाक्याचा वाद घातला. गोऱ्ह्यांना अशा वादाने मनस्ताप होई.

याच सुमारास, १८७७ मध्ये, मुंबईत जन्मलेल्या फ्रेडरिक फॅरर या धर्मोपदेशकांनी वेस्टमिन्स्टर ॲबीत प्रवचने करून मरणानंतरही आशा शिल्लक राहते असे सांगितले आणि इंग्लंडात पुन्हा खळबळ उडाली. पुढच्या शतकात वारे आणखी पालटले. रोमन कॅथलिक पंथात शुद्धिस्थानाची कल्पना आधीपासून होती. तेथे मृतांसाठी प्रार्थना चालते. प्रॉटेस्टंटांनी ती टाकली, आणि मासींची अडचण त्यातून आलेली. १९६४ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने स्पष्ट म्हटले, की स्वतःचा दोष नसताना ज्यांना ख्रिस्ताची वार्ता कळली नाही, पण जे मनापासून ईश्वराचा शोध घेतात आणि सदसद्विवेकाप्रमाणे वागतात, त्यांनाही तारण मिळू शकते. बाप्तिस्म्यापूर्वी मेलेल्या अर्भकांसाठीही आशेला जागा आहे, असे रोममधील धर्मपंडितांच्या आयोगाने २००७ मध्ये मांडले. प्रॉटेस्टंट पंथांत आजही दोन्ही मते आहेत. काशीच्या शास्त्र्याने १८४५ मध्ये विचारलेल्या प्रश्नाला चर्चने उत्तर दिले असे मी म्हणणार नाही, कारण त्या परिषदेत कोणी त्याचे नाव ऐकले असेल असे वाटत नाही. पण प्रश्न तोच होता.

मुलगी लक्ष्मी १८८० मध्ये मिशनच्या कामासाठी हिंदुस्थानात परत आली. तिने इंग्रजीत लिहिलेले एक भक्तिगीत जगभरच्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांत गायिले जाते. ईश्वराच्या सान्निध्यात मिळणारा विसावा हा त्याचा विषय. त्यात नरकाचे नाव नाही. वडिलांना जो विसावा फारसा लाभला नाही तो तिला लाभलेला दिसतो. ती १९३७ पर्यंत जगली.

फादर गोऱ्हे २९ ऑक्टोबर १८९५ रोजी मुंबईत वारले. त्यांची ख्रिस्ती पुस्तके त्यांच्या हयातीत छापली गेली, भाषांतरली गेली, वाटली गेली. ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ मात्र हस्तलिखितातच राहिला होता. तो सदाशिव कात्रे यांनी संपादून १९५१ मध्ये उज्जैनहून छापला. मुखपृष्ठावर कर्त्याचे नाव नीलकंठ.